मास्तरांच्या घराचा आठवडा नळावर लावायचा की शाळेवर?

मालदांडी

पवित्र पोर्टलमधून (सरकारी शिक्षक भरतीतून) नेमणूक होऊन इकडे मराठवाड्यात आलेली बरीच मंडळी हाच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. कुणाकडे यापेक्षा बरी पद्धत असेल तर खाली टाका.

गृहीत धरलेलं घर असं: एक जण जिल्हा परिषदेच्या पहिली ते चौथीच्या शाळेवर, तालुक्याच्या गावापासून २८ किलोमीटर. दुसरा गावातच दहा ते सहा नोकरीला. दोन लेकरं, भाड्याच्या दोन खोल्या, नळाला पाणी पाचव्या दिवशी. जिंतूर-सेलू म्हणा नाहीतर केज-अंबाजोगाई म्हणा, चित्र फार वेगळं नाही.

नवीन जोडपी सगळं रविवारवर ढकलतात. धुणं, दळण, टाचण (शिकवायच्या पाठाची लेखी तयारी), बाजार, लेकरांचा अभ्यास. मग रविवार हा आठवड्यातला सगळ्यात दमवणारा दिवस होतो आणि सोमवारी शाळेत बसल्या जागी डोळा लागतो.

आधी कॅलेंडरवर आपल्या हातात नसलेले दिवस मांडा: नळ, आठवडी बाजार, शनिवारची सकाळची शाळा. यातला नळ सगळ्यात वाईट, कारण तो वारावर चालत नाही. आज सोमवारी आला तर पुढं शनिवार, मग गुरुवार, मंगळवार, रविवार, शुक्रवार, बुधवार आणि ३५ दिवसांनी परत सोमवार. त्यामुळं "दर रविवारी धुणं" हा नियम इथं टिकतच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिनाभराच्या नळाच्या तारखांना गोल करा आणि धुणं-भांडी त्या गोलांवर लावा. एखाद्या दिवशी पाणी चुकलं की पुढचे सगळे गोल एकेक दिवस सरकवायचे. म्हणून पेन नको, पेन्सिल.

बाभूळबन

मांडणी पटली, पण पाण्याचा हिशोब दिल्याशिवाय ती अर्धवट आहे.

चार माणसं, काटकसरीनं रोजचे माणशी ७० लिटर. पाच दिवसांचे १४०० लिटर. म्हणजे ५०० लिटरच्या तीन टाक्या, किंवा हजाराची एक आणि २०० लिटरचे दोन-तीन बॅरल. भाड्याची खोली बघताना आधी हे ठेवायला जागा आहे का ते बघा, स्वयंपाकघराचा ओटा नंतर.

आता क्रम. धुणं नळाच्या दिवशी काढायचं नाही, आदल्या दिवशी काढायचं. टाकीत उरलेलं जुनं पाणी धुण्याला, फरशीला, संडासला संपवायचं. टाकी रिकामी झाली की आतली भिंत घासायची. नुसती ओतून रिकामी करून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि सुकली तरी मरत नाहीत. नवीन पाणी त्या रेषेपर्यंत चढलं की ती फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पाचव्या दिवसाच्या नळाला टाकी दर वेळी घासली तर डासांसाठी सगळी भांडी रिकामी ठेवायचा वेगळा कोरडा दिवस पाळायची गरज राहत नाही. ज्यांचा नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो त्यांनी टाकीच्या तोंडाला जुन्या धोतराचं दुहेरी फडकं ताणून बांधावं. झाकण कधीच नीट बसत नाही.

नळ आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ पाणी येतं, ते बादलीत घेऊन बाजूला ठेवा. ते झाडांना किंवा संडासला. मग प्यायचं, मग टाकी.

पाटी_पेन्सिल

@बाभूळबन पावसाळ्यात पाणी सगळंच गढूळ येतं. तुरटी आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) दोन्ही टाकायचं का? आणि किती?

बाभूळबन

दोन्ही टाका, पण आधी तुरटी. गढूळ पाण्यात टीसीएल टाकलं तर त्यातला क्लोरीन गाळावरच खर्च होतो, जंतूंपर्यंत पोचत नाही. तुरटीचा खडा पाण्यात चार-पाच वेळा फिरवून काढून घ्यायचा, विरघळवत ठेवायचा नाही. पाणी दोन-तीन तास हलवू नका, मग वरचं निवळ दुसऱ्या भांड्यात घ्या.

टीसीएलचं ग्रामपंचायतीत चालणारं माप १००० लिटरला ५ ग्रॅम आहे. घरातल्या २०० लिटरच्या बॅरलला १ ग्रॅम होतं आणि ते घरच्या काट्यावर मोजता येत नाही. म्हणून ५ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात ढवळायची, पांढरा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरच्या निवळीतलं २०० मिलि बॅरलमध्ये घालायचं. गाळ ओतायचा नाही. अर्धा तास थांबून मग प्यायला घ्या. पावडर उघडी किंवा उन्हात राहिली तर तिच्यातला जोर जातो. वास येत नसेल तर ती टाकून द्या, माप वाढवू नका. आणि उरलेलं द्रावण पुढच्या नळाला ठेवू नका, दर वेळी ताजं करा.

खडू_डस्टर

पाण्यावर लई झालं, आता शाळेवर बोला की.

आठवडा बिघडतो तो कागदांनी. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय, तयारीसकट. शाळेत पाच दिवस साडेसहा-साडेसहा तास आणि शनिवारचे साडेतीन, असे ३६ होतात. उरले ९. टाचण, वह्या तपासणं, नोंदी सगळं या नऊ तासांत बसायला पाहिजे. त्याच्यापेक्षा जास्त लागायलं असेल तर पद्धतीत घोळ आहे. (२८ किलोमीटर जाण्या-येण्याचे आठवड्याला दहा तास कुणीच मोजत नाही, ते सोडून द्या.)

घोळ बहुतेक वर्णनात्मक नोंदींत (प्रत्येक लेकराच्या प्रगतीबद्दल शब्दांत लिहायच्या शेऱ्यांत) असतो. ऑक्टोबरात सत्र संपायला आलं की रात्र-रात्र जागून सगळ्या पटाच्या नोंदी एकदम लिहायच्या, आणि त्यात "चांगला आहे", "प्रगती समाधानकारक" एवढंच. नवरा लिहितोय, बायको नावं वाचून दाखवतेय, नाहीतर उलटं. अशी घरं ढिगानं सापडतील. त्याऐवजी दोन शिक्षकी शाळेत आपल्याकडं वीस-बावीस लेकरं असतात, रोज चारच घ्यायची. पाच दिवसांत वीस. शनिवारी राहिलेली. लेकरू समोर असतानाच एक ओळ लिहायची, ती पण कामाची: "हातच्याची वजाबाकी करताना दशकातून घेतलेला एक कमी करायला विसरतो." पुढच्या आठवड्यात त्याच लेकराकडं गेलं की ही ओळ वाचून काय विचारायचं ते कळतं. "चांगला आहे" वाचून काय कळणार?

आकारिकचा, म्हणजे वर्गात रोज चालणाऱ्या मूल्यमापनाचा, भार पहिली-दुसरीला ७० टक्के आणि तिसरी-चौथीला ६० टक्के आहे. म्हणजे या रोजच्या ओळी म्हणजेच निम्म्याहून जास्त मूल्यमापन. ते घरी न्यायचं काम नाही.

मालदांडी

खडू सर, पोषण आहाराचं पण लिहा. मुख्याध्यापकाचा चार्ज नवीन माणसाकडं आला की पहिला गोंधळ तिथंच होतो.

खडू_डस्टर

प्रमाण पहिली ते पाचवीला लेकरामागं तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात. हजर ४२ असतील तर तांदूळ ४ किलो २०० ग्रॅम, डाळ ८४० ग्रॅम, भाजी २ किलो १०० ग्रॅम.

चूक कुठं होते? सकाळी घाईत पोषण आहाराच्या ॲपवर हजेरीऐवजी पटसंख्या टाकून दिली आणि तीन लेकरं गैरहजर निघाली. तीन म्हणजे ३०० ग्रॅम, किरकोळ वाटतं. महिन्याचे २४ दिवस तसं झालं की सात किलो २०० ग्रॅम तांदूळ कोठीत जास्त दिसतो. तपासणीत कमी निघाला तरी प्रश्न, जास्त निघाला तरी प्रश्न. म्हणून दुसरी घंटा झाल्यावर डोकी मोजायची, आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा, स्वयंपाकी ताईंना तोच आणि ॲपवर पण तोच. पोतं आलं की उतरवतानाच वजन करा, नंतर कुणी ऐकत नाही. वाढायच्या आधी चव घेऊन चव नोंदवहीत सही त्याच वेळी. आठवड्याच्या सह्या शनिवारी एकाच पेनानं केलेल्या लांबूनच ओळखू येतात.

आणि लेकरांसाठी शिजलेलं ते लेकरांचं. आपला डबा घरून न्यायचा.

येसर_आमटी

डब्यावर आलाच आहात तर माझा विषय.

ज्वारी आठवड्याचीच दळा. मोठी माणसं दिवसाला तीन-तीन, लेकरं दीड-दीड, अशा नऊ भाकरी. एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ धरलं तर दिवसाला ८०० ग्रॅम, आठवड्याला साडेपाच-सहा किलो. पंधरा दिवसांचं दळलं की दुसऱ्या आठवड्यात पीठ कडवटतं आणि भाकरी थापताना कडा फाटतात. मग सकाळी साडेसातला थापणाऱ्याचा जीव जातो आणि दोष तव्याला.

नवीन माणसाला भाकरी येत नाही ती मळण्यामुळं. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, तो गरम पाण्यानं आणावा लागतो. निम्म्या पिठात उकळतं पाणी ओतून उलथन्यानं कालवा, पाच मिनिटं झाका, मग उरलेलं पीठ घालून तळव्यानं रगडा. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी लगेच फिरवा. उशीर झाला की पापुद्र्याला भेगा पडतात. पाणी सुकत आलं की उलटा, पूर्ण सुकायची वाट बघू नका. दुसरी बाजू भाजली की तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर.

एका माणसानं थापायचं आणि भाजायचं म्हटलं तर नऊ भाकरींना पाऊण तास जातो, कारण पिठाचे हात धुऊन उलटावं लागतं. एकानं थापायचं, दुसऱ्यानं पाणी फिरवून भाजायचं, तर पंचवीस मिनिटांत आटपतं. "घरकामात मदत" वगैरे मोठे शब्द नकोत, हा नुसता हातांचा हिशोब आहे. थापता येत नसेल तर भाजायला उभं राहा.

उन्हाळ्यात भात-वरण डब्यात देऊ नका. परभणी-नांदेडच्या उन्हात दुपारपर्यंत आंबतं. भाकरी, कोरडं पिठलं, शेंगदाण्याची नाहीतर कारळाची चटणी, कांदा. भाकरीची वाफ गेल्याशिवाय डबा लावायचा नाही, झाकणाचं पाणी भाकरीवर पडलं की ती चिकट होते. दोन दिवस टिकणारं पाहिजे असेल, निवडणुकीची ड्युटी किंवा प्रशिक्षण असेल, तर दशम्या. पाण्याऐवजी दुधात पीठ मळायचं, पाण्याचा एक थेंब नाही.

पाटी_पेन्सिल

येसर ताई, नाव येसर आमटी आणि येसरच सांगितला नाही!

येसर_आमटी

😄 घ्या. गहू १ वाटी, हरभरा डाळ १ वाटी, ज्वारी अर्धी वाटी, धने अर्धी वाटी, जिरे २ चमचे, सुकं खोबरं अर्धी वाटी, लवंग-मिरी-दालचिनी थोडी. सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजा. एकत्र भाजलं तर धने जळतात आणि गहू कच्चा राहतो. पूर्ण गार झाल्यावर दळा. खोबरं असल्यामुळं महिन्याभरात संपवा, नाहीतर खवट होतं.

आमटीला चौघांना तीन मोठे चमचे येसर, चार वाट्या पाणी. येसर आधी गार पाण्यात कालवा आणि मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडा. थेट उकळत्यात टाकला की गोळ्या होतात. उकळी आल्यावर सात-आठ मिनिटं. लसूण-तिखटाची फोडणी, वरून कोथिंबीर. ना भाजी चिरायची ना कुकर लावायचा, पंधरा मिनिटांत जेवण. शाळेवरून सहाला घरी येणाऱ्यानं येताच हे टाकावं. भाकरी सकाळच्या दोन जास्त केलेल्या असतातच.

नाथसागर

प्रवासाचं कुणीच लिहिलं नाही.

एसटीचा मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस चालतो, तिमाही पास ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस. शिक्षक पुरुष असेल तर जूनमध्ये शाळा सुरू होतानाच तिमाही घ्या. शाळेचे सत्तरेक दिवस भरतात, वीस दिवसांचं भाडं वाचतं. दिवाळीच्या महिन्यात पास काढू नका. शिक्षिका असेल तर मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. महिन्याचे २५ दिवस अर्ध्या भाड्यानं म्हणजे साडेबारा दिवसांचं भाडं. पूर्ण दराच्या पासापेक्षा रोजचं तिकीटच स्वस्त.

पण गाडीची दिशा बघा. मुक्कामी गाडी सकाळी गावातून तालुक्याला येते आणि संध्याकाळी परत गावात जाते. मास्तरांची दिशा बरोबर उलटी. सकाळी तालुक्यातून सुटणारी पहिली फेरी शाळा भरायच्या आधी पोचते का हे बघूनच एसटीच्या भरवशावर खोली घ्या.

दुचाकी असेल तर रोजचे ५६ किलोमीटर, महिन्याला १४०० च्या आसपास. ५० चं ॲव्हरेज धरलं तरी २८ लिटर. चेनला एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी तेल. पावसाळ्यात पाणंद रस्ता असेल तर पुढच्या चाकाचं मडगार्ड काढून ठेवा किंवा वर उचलून बसवा. आपली काळी माती ओली झाली की फुगते, टायरला थर धरते आणि मडगार्डमध्ये अडकून चाक जाम करते. डिकीत बोटभर जाड काडी ठेवा, चिखल खरवडायला तिच्यासारखं अवजार नाही. नळकांडी पुलावरून पाणी चाललं असेल तर पाणी किती खोल आहे ते बघत बसायचं नाही, मुख्याध्यापकांना फोन करून अलीकडंच थांबायचं.

मालदांडी

शनिवारचं राहिलं होतं. सकाळच्या शाळेचा माणूस साडेबारापर्यंत घरी येतो, आणि आठवड्यात कामाच्या वेळेत मोकळी मिळणारी ती एकच दुपार. बँकेची कामं पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, दुसऱ्या-चौथ्याला बँका बंद. चक्कीवर डबा शाळेला जातानाच टाकायचा, येताना घ्यायचा. पुढच्या आठवड्याचं घटक नियोजन दुपारी दोन ते चार. मग रविवार खरंच मोकळा राहतो, बीएलओचं (मतदार यादीचं) काम गळ्यात पडलं नसेल तर.

पाटी_पेन्सिल

पती-पत्नी एकत्रीकरणात बदली घेतली तर निम्मे प्रश्न सुटतात ना?

खडू_डस्टर

दोघांच्या कामाच्या ठिकाणांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तरच विशेष संवर्ग भाग २ मध्ये (बदलीतल्या पती-पत्नीच्या गटात) अर्ज करता येतो. कार्यकारी अभियंत्याचा अंतराचा दाखला लागतो, मोबाईलच्या नकाशाची छापील प्रत चालत नाही. जोडीदार खासगी नोकरीत असेल तर या संवर्गात बसत नाही. २८ किलोमीटरवाल्यांनी त्या नादात वर्ष घालवू नये.

एक सुधारणा सुचवतो. बीड-धारूर-वडवणी भागात दिवाळीनंतर हा सगळा आठवडा बदलतो. ऊसतोडीला आईबाप निघाले की लेकरं पण निघतात. निघायच्या आधी प्रत्येकाला शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्यायचं, आणि जी मागं राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची यादी करायची. त्या दोन आठवड्यांत संध्याकाळी पालकभेटी असतात, घरी यायला आठ वाजतात. घरच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा आणि त्या दिवसांत संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्याकडं द्या. लातूर-धाराशिवकडं येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) दिवशी शाळेत कुणी येत नाही, सगळं गाव रानात भज्जी-आंबील खायला. त्या दिवशी घटक चाचणी लावणारा माणूस बाहेरचा आहे हे लगेच कळतं.

पाटी_पेन्सिल

शेवटचा प्रश्न. आमच्या भागात नळ रात्री दोनला येतो. शनिवारी सकाळची शाळा असेल तर उठायचं कुणी?

बाभूळबन

ज्याची सकाळ उशिरा सुरू होते त्यानं. पण खरं म्हणजे कुणीच उठू नये. टाकीच्या तोंडाशी अर्धा इंची बॉल कॉक (टाकी भरली की आपोआप बंद होणारी तोटी) बसवा, प्लंबर तासाभरात बसवून देतो. दाब कमी असतो म्हणून पहिली टाकी जमिनीवरच ठेवायची, नळाच्या तोटीपेक्षा खाली. गच्चीवर मोटारनं दिवसा चढवा. तोटी रात्री उघडी ठेवून झोपायचं. पहिलं गढूळ पाणी टाकीत जातं हा एक तोटा आहे, त्यासाठी प्यायचं पाणी टाकीतून न घेता नळ चालू असताना पहाटे वेगळं भरा. नळ पहाटेपर्यंत टिकत नसेल तर टाकीतलंच, पण तुरटी फिरवून, निवळून.

बॉल कॉक बसवला तरी पहिल्या रात्री टाकी काठावरून वाहते, कारण नवीन बॉलचा दांडा सरळ असतो. तो हातानं थोडा खाली वाकवा. पाणी काठाच्या चार बोटं खाली थांबलं की बरोबर.